चार कंप्युटर आणि ४८ मुलं: विज्ञानाच्या पिरियडला स्टेशनं कशी लावायची

शाळेत कंप्युटर किती असं विचारलं की आकडा मोठा येतो, चालतात किती असं विचारलं की स्टाफरूममध्ये सगळे हसायला लागतात. आमच्या इंदूरला काय आणि तुमच्याकडे काय, लॅब असते पण तिची किल्ली कंप्युटरच्या सरांकडे, पिरियड आठवड्यातून एक, आणि विज्ञानाच्या बाईंच्या वाट्याला येतात ती कुठल्यातरी ऑफिसातून निवृत्त होऊन आलेली तीन-चार मशीन. तेवढ्यावर सहावी ते दहावीचं विज्ञान स्टेशनं लावून कसं शिकवायचं ते खाली लिहिलंय. स्टेशन म्हणजे एका कामाचं एक ठिकाण, मुलं आळीपाळीनं सगळ्या ठिकाणी फिरतात. हिशोब मी ४८ मुलं, ४ कंप्युटर आणि ४० मिनिटांचा पिरियड असा धरलाय, तुमचे आकडे वेगळे असतील तर तसं कमी-जास्त करून घ्या.

कंप्युटरवर काय ठेवायचं नाही

सगळ्यात आधी हे ठरवा, बाकीचं त्यावरून आपोआप ठरतं. जे हातानं करता येतं, डोळ्याला दिसतं, ज्याचा वास येतो, चटका बसतो, ते कंप्युटरवर ठेवायचं नाही. चुंबकाला टाचण्या चिकटतात हे स्क्रीनवर दाखवण्यात काय अर्थ आहे, दहा रुपयांचा चुंबक आणा ना. कंप्युटर कशाला, तर तारेतून इलेक्ट्रॉन कसे सरकतात ते दाखवायला, बर्फ वितळताना आतले कण काय करून राहिलेत ते दाखवायला, पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या रात्रीचं आकाश आज दुपारी दाखवायला. फार लहान, फार मोठं, फार हळू किंवा फार धोक्याचं, एवढंच. ही चाळणी लावली की एका धड्यात कंप्युटरच्या लायकीची गोष्ट जेमतेम एक उरते, आणि एका गोष्टीला चार मशीन भरपूर झाली.

आणि कंप्युटर हे बक्षीस करू नका. "ज्यांचं काम आधी होईल त्यांना कंप्युटर" असं एकदा म्हटलं की मुलं बाकीच्या टेबलावरचं काम कसंतरी उरकतात, आणि जी मुलं सावकाश पण नीट काम करतात त्यांचा नंबर वर्षभर लागत नाही.

मुलांची वाटणी आणि वेळ

टोळ्या करून विज्ञान शिकवणं ही काही बाहेरून आलेली फॅशन नाही बरं का. आपल्याच मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ मिडल स्कूलांपासून हे काम सुरू झालं, पुढे १९७८ मध्ये जिल्हाभर पसरलं, चार-चार मुलांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीला किट, आणि प्रयोग मुलांनीच करायचे. २००२ मध्ये सरकारनं ते बंद केलं तो विषय वेगळा, त्यावर बोलायला बसले तर लेख तिथेच संपेल. तिथे चारची टोळी छान चालायची कारण सामान टेबलावर मधोमध असायचं. स्क्रीनसमोर मात्र चौथ्याला काही दिसत नाही, तो खिडकीबाहेर बघतो नाहीतर पुढच्याची वेणी ओढतो, म्हणून मी तीनच धरते.

आता गणित बघा. ४ स्टेशनं, प्रत्येक स्टेशनावर १२ मुलं, त्या १२ चे तीन-तीनचे ४ ग्रुप. म्हणजे कंप्युटरच्या स्टेशनावर ४ मशीन आणि ४ ग्रुप, बरोब्बर बसलं. बाकीच्या तीन स्टेशनांवर सामानाचे ४-४ सेट लागतात, जास्त नाही. एका स्टेशनाला १५ मिनिटं आणि बदलायला २ मिनिटं धरा. जोड पिरियड मिळाला तर ८० मिनिटांत चारही होतात, सुरुवातीला ८ मिनिटं समजावायला मिळतात आणि शेवटी ६ मिनिटं उरतात. जोड पिरियड नाही मिळाला (नाहीच मिळत) तर दोन दिवस करा, रोज दोन स्टेशनं, आधी ४ मिनिटं, मग १५, मग २, मग १५, आणि शेवटची ४ मिनिटं लिहायला.

१५ मिनिटांपेक्षा कमी ठेवू नका, दहात फक्त खुर्च्या ओढून होतात. २० केली तर पुढे गेलेल्या ग्रुपची मस्ती सुरू.

आता एक अट, आणि ही सोडली तर सगळी गाडी रुळावरून उतरते: कुठलंही स्टेशन दुसऱ्यावर अवलंबून नको. एक चतुर्थांश वर्ग कंप्युटरपासून सुरू करणार, एक चतुर्थांश तिथे संपवणार, तेव्हा "मागच्या टेबलावर काढलेलं उत्तर इथे वापरा" असं कार्डावर कुठेही येता कामा नये. सगळ्यांना आधी माहीत पाहिजे असं जे काही असेल, म्हणजे सेलची प्लस बाजू कुठली, परिपथ पूर्ण म्हणजे काय, ते सुरुवातीच्या मिनिटांत फळ्यावर सगळ्यांना एकत्र सांगून टाका. आणि धडा मुळातच पायरीपायरीचा असेल, एक कळल्याशिवाय पुढचं कळतच नाही असा, तर त्याला स्टेशनं लावूच नका, सरळ शिकवा. तसंच ॲसिड आणि आच असलेले प्रयोग. चार ठिकाणी चार बर्नर आणि शिक्षक एक, हे नको.

टेबलं, तारा आणि तुम्ही कुठे उभं राहायचं

कंप्युटर भिंतीला लावून ठेवा, प्लगच्या बाजूच्या भिंतीला, म्हणजे एक्स्टेंशनची तार मुलांच्या पायात येत नाही. स्क्रीनची तोंडं वर्गाकडे, मुलांची पाठ तुमच्याकडे. एका जागी उभं राहून चारही स्क्रीन दिसल्या पाहिजेत, मग कोणी पेंट उघडून चित्र काढत बसलं तरी तिथूनच कळतं. तुम्ही स्वतः मात्र कंप्युटरपाशी उभं राहायचं नाही. तुमची गरज तिथे असते जिथे खरं सामान आहे, तार निघते, बल्ब लागत नाही, मुलगी रडकुंडीला येते. कंप्युटर काय, बिघडला तर बिघडला, मुलांपैकी एखादा आपल्यापेक्षा जास्त जाणून असतो.

पाण्याचं स्टेशन कंप्युटरपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. हे सांगायला नको, तरी सांगते.

माऊस कोणाच्या हातात

तिघांना तीन कामं द्या: एक माऊसवाला, एक कार्डवाला, एक वहीवाला. दर ५ मिनिटांनी कामं बदलायची, १५ मिनिटांत प्रत्येकाला तिन्ही मिळतात. आणि नियम हा की माऊसवाल्यानं स्वतःच्या मनानं काही करायचं नाही, काय करायचं ते कार्डवाला वाचून सांगणार, त्यानं फक्त हात चालवायचा. यानं काय होतं, की दोघांना बोलावंच लागतं, आणि ज्याच्या घरी कंप्युटर आहे तो एकटाच फटाफट पुढे पळत नाही.

हे न करता नुसतं "मिळून करा रे" म्हणाल तर काय होईल ते मी लिहून देते. माऊस पहिल्या मिनिटाला एखाद्या मुलाच्या हातात जाईल आणि शेवटपर्यंत तिथेच राहील, आणि अक्षर चांगलं म्हणून वही मुलीच्या हातात. वर्षभर. पाच मिनिटांची घंटा झाली की हात बदललेच पाहिजेत, काम अर्धं असलं तरी. सुरुवातीला "बाई एक मिनट, बाई एक मिनट" होतं, आठवड्याभरात सवय होते.

अडलं तर कोणाला विचारायचं त्याची उतरंडही फळ्यावर लिहून ठेवा: आधी कार्ड पुन्हा वाचा, मग आपसात, मग शेजारच्या ग्रुपला, मग बाईंना. नाहीतर ४८ तोंडांतून एकदम "बाईऽऽ" येतं.

एक अख्खा धडा: विजेचा परिपथ

सातवी-आठवीला चालतो, थोडा वाढवला तर दहावीलाही.

कंप्युटरवर फेटचं सर्किट बनवायचं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवरच करायचा प्रयोग. फेट म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, सगळं फुकट आहे, हिंदीतही आहे आणि मराठीतही. बॅटरी, तारा, बल्ब ओढून जोडायचे, तारेतून निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. बॅटरी ९ व्होल्टची आणि बल्ब १० ओहमचा येतो, म्हणून एका बल्बात ०.९ अँपिअर, दोन एकामागे एक जोडले की ०.४५, आणि दोन समांतर जोडले तर बॅटरीतून १.८. अँमीटर (करंट मोजायचं यंत्र) लावून मुलं हे आकडे स्वतः काढतात. बॅटरीची दोन टोकं सरळ तारेनं जोडली तर आग लागलेली दिसते, आणि हे प्रत्येक ग्रुप करणारच, करू द्या, एक मिनिट त्याच्यासाठी धरूनच ठेवा.

कार्ड पाचच ओळींचं, मोठ्या अक्षरात, शाळेच्या माध्यमाच्या भाषेत. माझं साधारण असं असतं:

माऊसला हात लावायच्या आधी वहीत लिहा: दोन बल्ब एकामागे एक जोडले तर बॅटरीजवळचा जास्त उजळेल, लांबचा जास्त, की दोन्ही सारखे?
आता जोडा आणि बघा.
पहिल्या बल्बाच्या आधी, दोन्हींच्या मधे आणि दुसऱ्याच्या नंतर अँमीटर लावा, तिन्ही आकडे लिहा.
एक बल्ब काढा. दुसऱ्याचं काय झालं?
तुमचा अंदाज आणि आकडे जुळले का, एका वाक्यात.

पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची. अंदाज आधी लिहिला नाही तर मुलं नंतर म्हणतात "हमको तो मालूम था". निम्म्याहून जास्त मुलांना वाटतं की करंट पहिल्या बल्बात थोडा खर्च होतो आणि उरलेला दुसऱ्याला मिळतो, आणि त्यांचं काही चुकत नाही हो, घरात पाणी वरच्या मजल्यावर कमी येतं तसंच त्यांना वाटतं. तिन्ही जागी ०.४५ च आलं की मग डोकं खाजवतात.

दुसरं स्टेशन खऱ्या सेलचं आणि खऱ्या बल्बांचं. दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचे अडीच व्होल्टवाले जुने स्क्रूचे बल्ब, होल्डर, साल काढलेल्या तारा. हे बल्ब आता सहज मिळत नाहीत कारण टॉर्च सगळे एलईडीचे झाले, आमच्याकडे महारानी रोडला इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारत फिरावं लागतं, मिळाले की एकदम दोन-तीन डझन घेऊन ठेवा. घरच्या प्लगचं नाव काढायचं नाही हे सामान वाटण्याच्या आधी ठणकावून सांगा.

आता इथे एक गंमत आहे जी कुठल्या गाईडमध्ये लिहिलेली नसते. बाजारातले दोन बल्ब कधी एकसारखे नसतात. कार्डावर लिहिलेलं असतं सारखे उजळतील, आणि मुलांच्या टेबलावर एक भगभग पेटलाय आणि दुसऱ्याची नुसती तार लाल झालीय. झालं, "बघा बाई, पहिल्यानं करंट खाल्ला!" जो गैरसमज कंप्युटरच्या टेबलावर मोडायचा तो इथे पक्का होतो. म्हणून आदल्या दिवशी घरी बसून बल्ब दोन-दोन एकामागे एक जोडून बघा, जे सारखे पेटतील त्यांची जोडी लावा आणि होल्डरवर एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या. अर्धा तास जातो, पण वर्षभराचं काम होतं. आणि एक बेजोड जोडी मुद्दाम वेगळी ठेवा, ती शेवटच्या मिनिटांत सगळ्यांसमोर काढायची: दोन बल्बांच्या जागा आपसात बदला, जो जास्त उजळत होता तो दुसऱ्या जागी गेला तरी जास्तच उजळतो. म्हणजे फरक जागेचा नाही, बल्बाचा. हे सिम्युलेशनमध्ये आपोआप कधीच दिसणार नाही, तिथे सगळे बल्ब एका साच्यातले.

तसंच समांतर जोडणीचं. स्क्रीनवर तीन बल्ब समांतर लावले तरी एकाचाही उजेड कमी होत नाही, खऱ्या टेबलावर सेल जुने असतील तर तिसरा बल्ब लावला की सगळे मंद. मुलं म्हणतात कंप्युटर खोटा. खोटा नाही, त्यातल्या बॅटरीचा आतला रोध शून्य ठेवलेला असतो, ॲडव्हान्स्ड म्हणून एक खण आहे तिथे बॅटरीचा रोध थोडा वाढवला की स्क्रीनवरचे बल्बही तसेच मंद होतात. सातवीला एवढं सांगून सोडा, दहावीला त्यावरच पिरियड करा.

तिसरं स्टेशन वीज कशातून जाते आणि कशातून नाही. दोन सेल, एक लाल एलईडी, त्याच्याबरोबर करंट आवरायला १०० ओहमचा रेझिस्टर (नाहीतर एलईडी उडतो), आणि दोन मोकळी टोकं. पेन्सिलची शिशाची कांडी, नाणं, खोडरबर, मिठाचं पाणी, नळाचं पाणी, इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्ड पाणी. आणि आमच्याकडे शेव-नमकीनचं रिकामं पाकीट, त्याची खात्री बाळगा की प्रत्येक दप्तरात एक निघतंच. आतली बाजू चांदीसारखी चकचकीत असते म्हणून सगळे पैज लावतात की एलईडी लागणार, आणि बहुतेक वेळा लागत नाही, कारण ॲल्युमिनियमच्या अगदी पातळ थरावर प्लास्टिकची परत असते. यावर भांडण होतं आणि चांगलं होतं.

चौथं स्टेशन कागदाचं, विजेचं बिल. युनिट म्हणजे १००० वॉटची वस्तू एक तास चालली. ७५ वॉटचा पंखा रोज १२ तास चालला तर ०.९ युनिट, महिन्याचे २७. तोच २८ वॉटचा नवा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा असेल तर महिन्याचे साधारण १०. मग आपल्या घरातल्या तीन वस्तूंचा हिशोब. बिलं मुलांकडून मागवू नका, भाड्यानं राहणाऱ्या मुलांकडे बिल नसतं आणि काहींना दाखवायचं नसतं, तुम्हीच ओळखीच्यांकडून चार बिलं घ्या, नाव-पत्ता झाकून झेरॉक्स काढा.

आदल्या दिवशी मशीनचं काय बघायचं

नेटच्या भरवशावर राहू नका. फेटची सिम्युलेशनं एकेका फाईलमध्ये डाऊनलोड होतात, पेनड्राइव्हनं चारही मशीनवर टाकली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतात. जुन्या सीडीवरची फ्लॅशची चित्रं आता विसरा, फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. मशीनवर अजून विंडोज ७ असेल तर त्यावर क्रोमची १०९ नंबरची आवृत्ती शेवटची, त्यापुढची चढत नाही, म्हणून सिम्युलेशन त्याच मशीनवर उघडून बघा, घरच्या लॅपटॉपवर चाललं म्हणजे इथे चालेल असं नसतं.

आणि मशीन चालू केल्यावर खाली तारीख बघा. जुना कंप्युटर दर वेळी उठला की २००९ नाहीतर तसंच कुठलं तरी साल दाखवत असेल तर आतला बटणासारखा सेल गेलाय. तारीख चुकलेली असली की नेट असूनही साइट उघडत नाहीत, सगळीकडे सुरक्षित नाही असं येतं, आणि लोक समजतात नेट गेलं नाहीतर व्हायरस आला. सीआर २०३२ म्हणून सेल मिळतो, घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात, स्वस्तातला. प्लग काढून, झाकण उघडून, जुना काढायचा नवा बसवायचा, मग तारीख एकदा लावून द्यायची. यासाठी मेकॅनिकची वाट बघत महिनाभर मशीन झाकून ठेवलेली मी पाहिली आहेत.

बाकी किरकोळ: एक माऊस जास्तीचा ठेवा, एफ ११ दाबून पूर्ण स्क्रीन करा म्हणजे खालची पट्टी दिसत नाही आणि मुलं भटकत नाहीत, आणि लाइट जाण्याची तयारी म्हणून त्याच सिम्युलेशनची चार चित्रं प्रिंट काढून फोल्डरमध्ये ठेवा. लाइट गेली तर तो ग्रुप कागदावरच्या चित्रात आकडे भरेल, अँमीटर इथे लावला तर किती, तिथे लावला तर किती. कंप्युटरइतकं बरं नाही, पण पंधरा मिनिटं वाया जात नाहीत.

दुसरा नमुना: चंद्र, आणि भिंतीवरचं कालनिर्णय

हा धडा मला सगळ्यात आवडतो आणि इंदूरच्या मराठी घरातल्या मुलांना तो दुप्पट कळतो, का ते सांगते.

कंप्युटरवर स्टेलॅरियम ठेवा, कुठल्याही जागेचं, कुठल्याही तारखेचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, नेटशिवाय चालतं, फार जुन्या मशीनवर रखडतं तेवढं बघून घ्या. जागा इंदूर लावा, अक्षांश २२.७ उत्तर, रेखांश ७५.९ पूर्व. प्रत्येक ग्रुपला एका महिन्यातल्या वेगवेगळ्या तारखा वाटून द्या, त्यांनी त्या रात्रीचा चंद्र शोधायचा, त्यावर क्लिक करायचं आणि किती टक्के उजळलेला आहे ते लिहायचं. दुसऱ्या स्टेशनावर चेंडू आणि टॉर्च, अंधाऱ्या कोपऱ्यात, एकानं चेंडू हातात धरून गोल फिरायचं. तिसऱ्यावर भिंतीवरची कॅलेंडरं, एक मराठी आणि एक हिंदी पंचांगाचं, त्याच तारखांच्या तिथी काढायच्या. चौथ्यावर वाचन आणि चित्र, तिथे फार काही करू नका, मुलांना श्वास घ्यायला एक टेबल लागतंच.

तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक, ३६० अंशांच्या ३० तिथ्या. शुद्ध अष्टमीला चंद्र साधारण अर्धा उजळलेला असतो हे स्टेलॅरियमच्या आकड्यात दिसतं, ४५ ते ५५ टक्क्यांच्या मधे कुठेतरी. आणि मग कोणीतरी दोन्ही कॅलेंडरं शेजारी धरतं आणि ओरडतं, बाई ह्यात श्रावण आहे आणि ह्यात अजून आषाढच! शेजारच्या हिंदी घरातला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो हे आमच्याकडे प्रत्येक मुलाला माहीत असतं, आजी बोलून दाखवतेच दर वर्षी, पण का ते कोणी सांगत नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, म्हणून कृष्णपक्षात महिन्याचं नाव वेगळं पडतं. तिथी तीच, चंद्रही तोच. स्टेलॅरियमवर तारीख टाका, दोन्ही कॅलेंडरांना एकच चंद्र निघतो. ही चर्चा शेवटच्या ६ मिनिटांत बसत नाही, दुसऱ्या दिवशीची १० मिनिटं काढून ठेवा.

त्याच सॉफ्टवेअरवर आणखी एक करा. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं वरून जातं, आपण त्याच्या खाली, म्हणून इंदूरला सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास आणि परत जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साधारण साडेबाराला. जूनमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैमध्ये ढग, म्हणजे प्रत्यक्ष सावली गायब झालेली बघायचं नशीब कमीच. स्क्रीनवर मात्र तारीख पुढे-मागे करून सूर्याची उंची ९० अंशाला कधी टेकते ते मुलं पाच मिनिटांत काढतात. नंतर उज्जैनच्या वेधशाळेची सहल ठरली तर तिथलं सूर्याची सावली मोजायचं शंकुयंत्र बघताना कोणी सेल्फी काढत बसत नाही, निदान सगळे तरी नाही.

एकच कंप्युटर असेल तर

मग त्याला स्टेशन करू नका, वही करा. सगळा वर्ग हातानं काम करतो आणि प्रत्येक ग्रुप फक्त एका मिनिटासाठी कंप्युटरपाशी येऊन आपला आकडा टाकून जातो. लंबकाचा प्रयोग याला सगळ्यात चांगला: १६ ग्रुप, प्रत्येकाला वेगळ्या लांबीची दोरी, १० झोके मोजायचे, सेकंद मोबाईलवर नाहीतर भिंतीवरच्या घड्याळावर. २५ सेंटिमीटरला साधारण १० सेकंद येतात, एक मीटरला २०. प्रत्येक ग्रुपचा ठिपका एक्सेलच्या ग्राफवर पडत जातो आणि रेष सरळ न होता वाकायला लागते, लांबी चौपट तेव्हा वेळ दुप्पट. एखाद्या ग्रुपचा ठिपका लांब कुठेतरी एकटा पडला की त्यांना कोणी काही सांगावं लागत नाही, स्वतःच जाऊन पुन्हा मोजतात, बहुतेक वेळा ९ च झोके मोजलेले असतात.

शेवटची मिनिटं आणि गैरहजर मुलं

प्रत्येक मुलाकडे एकच कागद, त्यावर चार चौकोन, एका स्टेशनाला एक. वेगळ्या वह्या, फाइली, प्रोजेक्ट असलं काही नको, ४८ वह्या तपासायला कोणाला वेळ आहे. शेवटी त्याच कागदाच्या मागे एका प्रश्नाचं उत्तर, आणि प्रश्न असा की जो कुठल्या एका स्टेशनावर सरळ सापडणार नाही. उदाहरणार्थ, "लग्नाच्या मांडवातल्या जुन्या माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ विझते, घरातला एक बल्ब गेला तर बाकीचे का विझत नाहीत?" कागद गोळा करा, रात्री नुसते मागचे चाळा, वीस मिनिटांत कळतं उद्या कुठून सुरू करायचं. मार्क देऊ नका त्याला, मार्क म्हटलं की एकमेकांचं उतरवतात.

सामान ज्या ग्रुपनं वापरलं त्यानंच डब्यात मोजून ठेवायचं, डब्याच्या झाकणावर आत काय किती ते चिकटवून ठेवा: सेल ८, बल्ब ८, तारा २४. शेवटच्या फेरीतल्या ग्रुपला यासाठी एक मिनिट आधी थांबवा. सेल होल्डरमधून काढून ठेवायचे, नाहीतर महिन्याभरात गळून होल्डर खराब होतात.

आणि जी मुलं त्या दिवशी आली नव्हती त्यांच्यासाठी चारही स्टेशनं परत लावायची गरज नाही. मधल्या सुट्टीत त्यांना फक्त खऱ्या बल्बांचं टेबल द्या, एखाद्या हुशार मुलीला नाही तर ज्याला त्या दिवशी जरा उशिरा कळलं होतं अशा मुलाला त्यांच्याबरोबर बसवा, कंप्युटरचं जमलं तर पुढच्या आठवड्यात, नाही जमलं तर ती चार प्रिंट काढलेली चित्रं आहेतच.